चाकरमान्यांची सुट्टी : गिरगाव-लालबागहून गावाकडे

गेल्या एप्रिल महिन्यातील गोष्ट. संध्याकाळची मिस्सा आटोपून मी धर्मग्रामाच्या कार्यालयात बसलो असता एक ओळखीचे कुटुंब भेटावयास आले. परळच्या चाळीत वाढलेले आणि आता त्याच चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतीत राहणारे हे लोक मूळचे सावंतवाडी तालुक्यातले. त्यांना बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. तो लिहून होईपर्यंत घरातील थोरल्या मुलाने मे महिन्याच्या सुट्टीचा बेत मोठ्या उत्साहाने माझ्यापुढे मांडला. सात दिवसांची नीटनेटकी आखणी होती. दोन दिवस मालवणचा समुद्रकिनारा, दोन दिवस आंबोलीचा घाट आणि त्याच्या पायथ्याची खेडी, दोन दिवस पणजी शहर व जुने गोवे, आणि एक दिवस येण्याजाण्याचा. समुद्र, शेतशिवार आणि शहर असे तिन्ही एका आठवड्यात बसवले होते. राहण्याच्या जागाही ठरल्या होत्या.

ऐंशीच्या घरातल्या आजीबाई इतका वेळ शांतपणे ऐकत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आणि आपल्या घराक कधी जावचा?"

मुलगा गप्प झाला. सून म्हणाली, "आई, तिथं राहण्यासारखं काही उरलंय का?" गेली बारा वर्षे त्या घराला कुलूप होते. जमिनीच्या सातबाऱ्यावर अकरा नावे चढली होती आणि अकरांपैकी कोणीच कौले शाकारायला पुढे येत नव्हते. ठरवलेल्या हॉटेलापासून ते घर जेमतेम दहा किलोमीटरवर होते.

ती मंडळी दाखला घेऊन गेली, परंतु आजीबाईंचा प्रश्न मागे राहिला. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या वस्त्यांतून गेली दीडशे वर्षे लोक सुट्टीसाठी गावी जात आले आहेत. या जाण्यालाही एक इतिहास आहे. तो राजेरजवाड्यांच्या इतिहासासारखा लिहिला गेला नाही, एवढेच. वाचकहो, प्रस्तुत लेखात तो थोडक्यात आठवण्याचा विचार आहे.

रविवार कसा मिळाला

सुट्टीचा बेत आखायचा तर आधी सुट्टी असावी लागते. आपल्या कष्टकरी वाडवडिलांना ती सहजासहजी मिळाली नाही. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेव येथे मुंबईतील पहिली कापडगिरणी स्थापन केली आणि दोन वर्षांनी तिची चक्रे फिरू लागली. पुढील तीस-चाळीस वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा हा सारा टापू धुराड्यांनी भरून गेला. विजेचे दिवे येण्यापूर्वी या गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती.

ही स्थिती पालटण्यासाठी झटलेले पुरुष म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतले हे कार्यकर्ते 'दीनबंधू' पत्राचे संपादक होते. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत भरलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले होते आणि त्या सभेत स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या सुट्टीला कायद्याचा आधार दिला. रविवार हा खंडोबाचा वार आहे, असेही त्या वेळी कामगारांच्या बाजूने मांडले गेल्याचे सांगतात. आपण ख्रिस्ती लोक रविवारला प्रभूचा दिवस मानतो. परंतु या शहरात आपल्या गिरणीतल्या पूर्वजांना त्या दिवशी मिस्सेला जाता येऊ लागले, त्यात एका सत्यशोधक संपादकाचा वाटा आहे. ही कृतज्ञता आपल्या घरांतून बोलून दाखवली जावी.

रविवार मिळाला, तरी रविवारात कोकणात जाऊन येता येत नाही. लांब सुट्टी म्हणजे बिनपगारी रजा, आणि तीही मुकादमाच्या मर्जीवर. कामगार गावी निघाला की त्याच्या मागावर 'बदली' उभा राही. बदली हा पुष्कळदा गावचाच कोणीतरी, भाऊ किंवा भाचा असे. परत आल्यावर आपली जागा आपल्याला मिळावी, यासाठी विश्वासाचा बदली शोधणे हे बेतातले पहिले काम. पगारी रजेचा हक्क कायद्यात आला तो १९४५ च्या दुरुस्तीने. वर्षाला दहा दिवस. १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस असे प्रमाण ठरवले. वर्षात २४० दिवस हजेरी भरली तर बारा दिवसांची रजा. या बारा दिवसांत जाणे, येणे, लग्न, शाकारणी, आजारी आईची विचारपूस आणि शक्य झाल्यास थोडी विश्रांती, एवढे सारे बसवायचे असे.

खोली आणि कूड

गावी जाण्याचा बेत कोणी एकट्याने आखत नसे. लालबाग-परळच्या चाळींत 'गावकीची खोली' असे. दहा बाय बाराच्या एका खोलीत एकाच गावचे वीस-वीस, तीस-तीस पुरुष राहत. पाळीपाळीने झोपायचे, पाळीपाळीने कामावर जायचे. ट्रंक ठेवायला भिंतीजवळ हातभर जागा, कपडे टांगायला एक खुंटी आणि जेवायला खानावळवाल्या बाईंचे घर. याच खानावळ चालवणाऱ्या स्त्रियांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, हे येथे नमूद केले पाहिजे. पुरुषांच्या गावी जाण्याचा इतिहास सांगताना त्यांना वर्षभर जेवू घालणाऱ्या हातांचा विसर पडतो.

खोलीच्या भिंतीवर ग्रामदैवताची तसबीर असे. महिन्याची वर्गणी जमे. तिच्यातून गावच्या देवळाचा जीर्णोद्धार होई, शाळेचे छप्पर होई आणि एखाद्याच्या घरी अडचण आली तर त्याच्या प्रवासाचे भाडेही निघे. खोलीतला कोणी गावी निघाला म्हणजे तो एकटा निघत नसे. तीस घरांचे निरोप, औषधे, चहाची पुडी, लुगडी आणि कापडाचे तुकडे त्याच्याबरोबर निघत. परतताना त्याच्या बोचक्यात आमसुले, कुळथाचे पीठ, सुकी मासळी, काजू आणि पेंढ्यात गुंडाळलेले आंबे असत, तेही तीस जणांचे. रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरवर जगतो, असे लोक म्हणत. पैसा टपालाने जाई. माया मात्र अशी माणसाच्या डोक्यावरून जाई.

लालबागच्या या खोलीची बहीण शोभावी अशी संस्था आपल्या ख्रिस्ती बांधवांनी गिरगावला लागून असलेल्या धोबीतलावावर उभारली. तिचे नाव कूड. गोव्यातून आलेले खलाशी, आचारी, वादक आणि कारकून यांच्यासाठी गावागावांनी एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत आपापली कूड काढली. विसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईत अशा तीनशेहून अधिक कुडी होत्या. धोबीतलावावरील जेर महाल ही इमारत तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. येथेही भिंतीलगत लाकडी पेटारे, येथेही नाममात्र भाडे. ग्रामदैवताच्या तसबिरीच्या जागी गावच्या आश्रयदात्या संताची वेदी. संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरी म्हणावी असा नियम होता आणि गावच्या सणाचा दिवस मुंबईतही साजरा होई. जहाज मिळेपर्यंत खलाशी येथे थांबत आणि जहाजावरून उतरले की गावी जाण्यापूर्वी येथेच विसावत.

लालबागचा विणकर आणि धोबीतलावाचा खलाशी एकमेकांना बहुधा ओळखत नसतील. भाषा, पूजा, ताटातले जेवण सारेच निराळे. परंतु दोघांच्याही सुट्टीचा नियम एकच होता. आपण गावी जातो ते एकट्याचे जाणे नव्हे, मागे राहिलेल्यांच्या वतीनेही जातो.

शहर सोडून गावी पळण्याची वेळही या वस्त्यांवर आली आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग आल्याचे प्रथम ओळखले ते डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या ख्रिस्ती वैद्याने. त्यांचा पुतळा धोबीतलावावर मेट्रो चित्रपटगृहासमोर आहे. पुढील काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. गाव म्हणजे आजारपणात, बेकारीत, म्हातारपणी परतायची जागा, ही समजूत लोकांच्या मनात त्या काळी अधिकच घट्ट झाली असली पाहिजे. मे महिन्यातील भेट ही त्या जागेवरचा आपला हक्क जागता ठेवण्याची रीत होती.

आगबोटीचे दिवस

कोकणात जायचे तर सोपी वाट समुद्राची होती. घाट चढून-उतरून जाण्यास कितीतरी दिवस लागत. आगबोट मात्र मुंबईहून निघून जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत सुमारे चोवीस तासांत पणजीला पोहोचे. बोटींची मोठी कंपनी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन. जुनी माणसे तिला 'शेफर्ड कंपनी' म्हणत. तिच्याशी स्पर्धा करण्यासाठी देशी भांडवलावर एक सहकारी कंपनी निघाली. लोकांनी तिचे नाव ठेवले 'माझी आगबोट'. प्रवासी वर्गाच्या श्रद्धा ध्यानात घेऊन या कंपनीने आपल्या बोटींना संतांची नावे दिली. एकीकडे तुकाराम आणि रामदास, दुसरीकडे सेंट अँथनी, सेंट फ्रान्सिस आणि सेंट झेवियर. कोकण किनाऱ्यावर कोण कोण राहते, हे त्या कंपनीला नेमके कळले होते.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत विणकर होते. तरुणपणी त्यांनी केलेल्या बोटीच्या प्रवासाचे वर्णन मी लहानपणी अनेकदा ऐकले आहे. भाऊच्या धक्क्यावर आदल्या रात्रीच वळकटी टाकून जागा धरायची. डेकवर सतरंजी पसरली की तेवढे आपले घर. शेजारच्या सतरंजीवरची माणसे रत्नागिरी येईपर्यंत नातेवाईक होत. कोणाकडे भाकरी असे, कोणाकडे चटणी, कोणाकडे तान्हे मूल. बोट बंदरापासून दूर समुद्रातच उभी राही. मग किनाऱ्याकडून पडाव येई आणि हेलकावणाऱ्या शिडीवरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना, ट्रंकांना, कोंबड्यांना एकाच पद्धतीने खाली उतरवले जाई. "पडावात उतरेपर्यंत देवाचे नाव, उतरल्यावर आईचे," असे वडील म्हणत.

पावसाळ्यात या बोटी बंद राहत. म्हणून सुट्टीच्या बेताला शेवटची तारीख माणूस घालत नसे, समुद्र घाली. शेवटच्या बोटीच्या आत परतले नाही तर घाटवाटेने फिरून यावे लागे आणि तोवर मागावरची जागा जाण्याची भीती.

समुद्राने कधीकधी याहून कठोर किंमत घेतली. नोव्हेंबर १९२७ मधील वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघाली. आषाढ अमावस्येसाठी गावी चाललेली माणसे तिच्यात दाटीवाटीने बसली होती. सुटून तासही झाला नसेल तोच लाटांच्या माऱ्याने ती कलंडली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य अवघ्या चार आठवड्यांवर आले असताना गिरगाव, परळ आणि कुलाबा जिल्ह्यातील कितीतरी घरांतून रडण्याचा आवाज उठला. ही माणसे एका दिवसासाठी घरी निघाली होती. सुट्टीच्या इतिहासात त्यांचेही स्मरण असावे.

अडलेल्या वाटा

काही वाटा निसर्गाने अडवल्या, काही माणसांनी. गोव्यातून मुरगाव ते लोंढा हा लोहमार्ग १८८८ साली पुरा झाला होता. मुंबईचे गोमंतकीय एक तर आगबोटीने, नाहीतर पुणे, मिरज, लोंढा असा वळसा घेऊन गाडीने गावी जात. १९५५ साली गोवा मुक्तीचा लढा तीव्र झाला. त्या वर्षी १५ ऑगस्ट रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला. त्यानंतर भारत सरकारने गोव्याशी असलेले व्यवहार तोडले. रेल्वे थांबली आणि सीमा बंद झाली. धोबीतलावाच्या कुडीत राहणाऱ्या माणसाची आई हद्दीपलीकडे आणि तो अलीकडे, असे झाले. परवान्याखेरीज जाणे-येणे नाही. नाताळ आले आणि गेले. कित्येकांना गावातल्या मृत्यूची बातमी दफन होऊन गेल्यावर समजली असेल. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा नाताळला सहाच दिवस उरले होते.

पुढील दशक हे बोटीच्या प्रवासाचा उत्तरार्ध ठरले. चौगुले कंपनीच्या 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या बोटी मुंबई-गोवा धावू लागल्या. १९६४ सालाची आठवण जुन्या धर्मग्रामवासीयांना निश्चितच असेल. त्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईच्या ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक परिषद भरली आणि पोप सहावे पॉल मुंबईत आले. त्याच सुमारास जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र शवाचे प्रदर्शन सुरू होते. गिरगाव-दादरच्या ख्रिस्ती घरांत गावाकडचे पाहुणे मावत नव्हते आणि त्याच घरांतील माणसे गोव्याच्या बोटीची तिकिटे शोधत होती.

येथे एक गोष्ट सहज लक्षात येते. सुट्टीची वाट दुहेरी होती. मुंबईचे मूल गावी आंबे खाण्यास जाई, तर गावचे मूल मुंबईला राणीची बाग, चौपाटी, ट्राम आणि १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय पाहण्यास येई. एकाचे घर ही दुसऱ्याची सुट्टी. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाहुण्यांना जागा कशी होई, हे आजच्या मोठ्या घरांना कोडेच वाटेल.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मी त्या वेळी सहावीत होतो. पहिले दोन महिने चाळीत सणाचे वातावरण होते. कधी नव्हे ते वडील दिवसा घरी दिसत. मार्चअखेर आईच्या हातातल्या बांगड्या दिसेनाशा झाल्या. मे महिना लागताच आम्हा तिघा भावंडांना नेहमीप्रमाणे परळच्या आगारातून लाल एसटीत बसवून गावी नेण्यात आले. नेहमीप्रमाणे आंबे खाल्ले, ओढ्यात डुंबलो, संध्याकाळी अंगणातल्या क्रुसापुढे मेणबत्ती लावून रोझरी म्हटली. जून उजाडला तरी परतीचे कोणी बोलेना. एके दिवशी आजोबांनी आम्हाला गावच्या शाळेत नेऊन नावे घातली. ती सुट्टी संपलीच नाही.

संप कोणी अधिकृतपणे मागे घेतला नाही, असे म्हणतात. पुष्कळ गिरण्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. सुरू झालेल्या गिरण्यांनीही हजारोंना परत घेतले नाही. आमच्यासारखी कितीतरी कुटुंबे त्या वर्षी सुट्टीसाठी गावी गेली आणि तेथेच राहिली. गावच्या घराने आम्हाला तेव्हा सावरले. गरिबी होती, परंतु दार उघडे होते. आजोबांनी हे घर वर्षानुवर्षे शाकारले नसते, वडिलांनी दरसाल त्या बारा दिवसांतले चार दिवस कौले फिरवण्यात घालवले नसते, तर आम्ही कोठे गेलो असतो? दर सुट्टीत विश्रांती सोडून छपरावर चढणाऱ्या वडिलांचा मला लहानपणी राग येई. त्याचा अर्थ मला त्या पावसाळ्यात समजला.

लोहमार्ग आला

ऐंशीचे दशक सरता सरता कोकण किनाऱ्याची प्रवासी बोट नाहीशी झाली. उरली ती एसटी आणि महामार्ग. कोकणात रेल्वे यावी ही मागणी जुनीच होती. बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते या राजापूर मतदारसंघाच्या खासदारांनी ती संसदेत लावून धरली. १९८९ च्या अखेरीस केंद्रात सरकार बदलले, तेव्हा दंडवते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. मंगळूरच्या ख्रिस्ती घरातील जॉर्ज तरुणपणी बंगळूरच्या सेमिनरीत होते. ती सोडून ते मुंबईला आले आणि कामगारांचे पुढारी झाले. १९६७ साली याच दक्षिण मुंबईने स. का. पाटील यांच्यासारख्या मातब्बर नेत्याला बाजूस सारून त्यांना लोकसभेत पाठवले होते. चाकरमानी माणूस गावी कसा जातो, हे ठाऊक असलेले दोघे एकाच वेळी योग्य खुर्चीवर बसले.

१९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली रोह्यापासून मंगळूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग डोंगर पोखरून आणि दऱ्या ओलांडून बांधला गेला. एक्क्याण्णव बोगदे, त्यांतला करबुड्याचा साडेसहा किलोमीटर लांबीचा. बांधकामात ज्या कामगारांनी प्राण गमावले त्यांचे स्मारक रत्नागिरीत आहे. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. ज्या वाटेसाठी वडिलांनी धक्क्यावर रात्री काढल्या, ती वाट एका झोपेची झाली. दादरहून रात्री सुटणारी सावंतवाडीची गाडी आज 'तुतारी' नावाने धावते. कोकणात जन्मलेल्या केशवसुतांच्या कवितेचे ते नाव. २०२३ पासून मडगावपर्यंत 'वंदे भारत' गाडी आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून तिकिटे साठ दिवस आधी काढता येतात, पूर्वी हा अवधी १२० दिवसांचा होता. गणपती आणि मे महिन्याच्या गाड्या मात्र आजही बघता बघता भरतात. रांग धक्क्यावरून हातातल्या फोनवर आली, इतकेच.

१९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्याचे स्वागतच केले पाहिजे. ज्या गावांतून तरुण मुले ट्रंक उचलून मुंबईला जात, त्याच गावांत आता काहींना घरबसल्या भाकरी मिळते. पाहुण्याला सोलकढी वाढून पैसे घेण्यात कमीपणा नाही. परंतु याच काळात आणखी एक बदल झाला. गोवा मुक्त झाल्यावर आणि पुढे आखाती देशांची दारे उघडल्यावर कुडी रिकाम्या होत गेल्या. चाळी पडल्या, तशा गावकीच्या खोल्याही गेल्या. बेत आखणारी खोली गेली आणि बेत प्रत्येक कुटुंबापुरता उरला. एकेकट्या बेतात समुद्र बसतो, घाट बसतो, शहर बसते. अकरा जणांच्या नावावरचे बंद घर बसवणे अवघड जाते. कारण तेथे जायचे म्हणजे आधी दहा जणांशी बोलावे लागते.

जुन्या करारातील लेवीय ग्रंथात ज्युबिली वर्षाची आज्ञा आहे. पन्नासाव्या वर्षी प्रत्येकाने आपल्या वतनाकडे आणि आपल्या कुळाकडे परत जावे, असे तीत सांगितले आहे. सेमिनरीत हा भाग शिकताना मी तो जमिनीचा कायदा म्हणून शिकलो. आज वाटते, त्या आज्ञेतील अवघड भाग जमिनीचा नसून कुळाचा असावा.

आजीबाईंचा दिवस

जून महिन्यात ते कुटुंब पुन्हा भेटले. मुलाने प्रवासाची छायाचित्रे दाखवली. मालवणचा किल्ला, आंबोलीचे धुके, पणजीच्या रस्त्यावरील जुनी घरे. बेत ठरला होता तसाच पार पडला होता. फक्त घाटातला एक दिवस त्यांनी कमी केला होता. निघण्यापूर्वी मुलाने नालासोपारा, पुणे आणि मस्कत येथील चुलत्यांना फोन करून विचारले होते, "कुलूप उघडलं तर चालेल ना?" कोणीही नाही म्हटले नाही. इतकी वर्षे कोणी विचारलेच नव्हते.

घराचे एक आढे खाली आले होते आणि माजघरात वारुळ झाले होते. राहण्यासारखे खरोखरच काही उरले नव्हते. आजीबाई पडवीच्या पायरीवर तीन तास बसल्या. अंगणातला क्रूस मात्र स्वच्छ होता. चुना लावलेला, पायथ्याशी मेणाचे थर. शेजारच्या हिंदू कुटुंबातील वहिनी दर रविवारी तेथे दिवा लावीत होत्या. बारा वर्षांपूर्वी कुलूप लावून निघताना आजीबाईंनीच त्यांना तसे सांगितले होते आणि नंतर ते त्या विसरून गेल्या होत्या. वहिनी विसरल्या नव्हत्या.

"यंदाच्या नाताळात सगळे भाऊ मिळून आढ्याचं काम काढतो म्हणतायत," मुलगा मला म्हणाला. "होईल की नाही ते ठाऊक नाही, फादर. अकरा जण आहेत."

मी त्याला म्हटले, पूर्वी एका खोलीत तीस जण असत. तारीख ठरली की कळव, मीही येईन. कौले फिरवायला मला वडिलांनी शिकवले आहे.